‘सापडले’ म्हणजे नेमके किती?

आमच्या एका शिक्षकमित्राच्या शाळेत ई-सिगारेटविरोधी जनजागृतीचा एक मोठा तक्ता व्हरांड्यात लावला आहे. वर कवटीचे चित्र आणि खाली लाल अक्षरांत यादी: ‘फॉर्माल्डिहाइड – प्रेते टिकवण्याचे रसायन. अँटिफ्रीझ. शिसे, निकेल, क्रोमियम – विषारी धातू. पॉपकॉर्न फुप्फुस.’ मित्राने तक्ता वर्गाला वाचून दाखवला. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, हे सगळं त्यात किती असतं?” तक्त्यावर प्रमाण कोठेच दिलेले नव्हते आणि मित्राने तसे प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे थोडंसंच असेल!” वर्ग हसला आणि तास संपला.

मित्राने हा प्रसंग सांगून तो तक्ता आमच्याकडे पाठवला व त्याचे परीक्षण करण्यास सुचवले. एखाद्या पुस्तकाचे करावे तसे परीक्षण भिंतीवरच्या तक्त्याचेही करता येते, असे आम्हांला वाटते. पुस्तक मोजकी मुले वाचतात, तक्ता मात्र सगळी शाळा रोज पाहते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ई-सिगारेटची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. मुलांनी ती ओढू नये, हे तक्त्याचे म्हणणे आम्हांला पूर्ण मान्य आहे. आमची तक्रार त्यासाठी दिलेल्या पुराव्याबद्दल आहे. सहा भयंकर विधानांपैकी एक जरी पोकळ निघाले, तरी मुले उरलेली पाचही टाकून देतात, आणि त्या पाचांत एखादे अगदी खरे असू शकते.

यंत्र कसे चालते

चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ साली आजच्या ई-सिगारेटचा आराखडा तयार केला. बॅटरी, तापणाऱ्या तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, त्या वेटोळ्यातून जाणारी कापसाची वात आणि वातीला भिजत ठेवणारा द्रव, एवढेच तिचे मुख्य भाग. द्रवात बहुतांशी प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन असते आणि शिवाय निकोटीन व स्वादद्रव्ये. झुरका घेतला की तार तापते, वातीतला द्रव उडतो व लगेच थंड होऊन बारीक थेंबांचे धुके बनते. लोक याला वाफ म्हणतात. खरे म्हणजे तो एरोसॉल, अर्थात हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांचा ढग असतो. येथे तंबाखूचे पान जळत नाही, हा सिगारेट-विडीशी असलेला मोठा फरक. सिगारेटच्या धुरात सात हजारांवर रसायने आढळली आहेत. ई-सिगारेटच्या धुक्यात घटक कमी असतात, पण ते कोणते व किती हे द्रवावर, तारेवर, तापमानावर आणि ओढणाऱ्याच्या सवयीवर ठरते. पुढील सगळ्या वादाचे मूळ या एका वाक्यात आहे.

फॉर्माल्डिहाइड आणि कोरडी वात

समईतले तेल संपत आले की वात करपते आणि उग्र वास सुटतो. ई-सिगारेटमध्येही नेमके हेच घडते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते. ग्लिसरीनचा उत्कलनबिंदू सुमारे २९० अंश असून त्या आसपास त्याचे विघटनही होऊ लागते. वात ओली असेल तर द्रवाच्या उडण्यात उष्णता खर्च होते व तापमान आवरले जाते. वात कोरडी पडली की तापमान एकदम चढते आणि ग्लायकॉल-ग्लिसरीनचे रेणू तुटून फॉर्माल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड व अॅक्रोलीन तयार होतात. तेल फार तापले की डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, त्यातले एक प्रमुख द्रव्य हे अॅक्रोलीनच होय.

जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. बॅटरीचा दाब ३.३ व्होल्ट ठेवला असता त्यांना फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत. ५ व्होल्टला मात्र दहा झुरक्यांमागे सरासरी ३८० मायक्रोग्रॅम आढळली. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की अशा प्रकारे दीर्घकाळ ओढणाऱ्याला फॉर्माल्डिहाइडमुळे होणाऱ्या कर्करोगाचा धोका सिगारेट ओढणाऱ्याच्या पाच ते पंधरा पट असू शकेल. वृत्तपत्रांनी ‘पंधरा पट’ उचलले आणि ३.३ व्होल्टचे वाक्य गाळले.

त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी असे दाखवले, की इतके फॉर्माल्डिहाइड वात कोरडी पडल्यावरच तयार होते आणि तो झुरका इतका करपट लागतो, की अनुभवी माणूस तो लगेच ओळखून टाळतो. यंत्राला चव कळत नाही, ते ओढतच राहते. भाकरी कोळसा होईपर्यंत तव्यावर ठेवायची आणि मग भाकरी खाण्याचा धोका त्या कोळशावरून मोजायचा, असा काहीसा हा प्रकार होता. मूळ पत्राच्या लेखकांनी, ही संयुगे श्वसनमार्गात कशी वागतात हे ज्ञात नाही, असेही लिहिले होते. तेही बातमीत आले नाही.

याचा अर्थ फॉर्माल्डिहाइड नसतेच असा काढू नये. नेहमीच्या तापमानालाही ही द्रव्ये थोडी तयार होतात आणि फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच ठरवले आहे. पण त्या संस्थेचे गट पुराव्याची बळकटी सांगतात, धोक्याचे प्रमाण सांगत नाहीत. त्याच पहिल्या गटात तंबाखूचा धूर आहे आणि २०१५ पासून प्रक्रिया केलेले मांसही आहे. म्हणून दोहोंचा धोका सारखा ठरत नाही. ‘प्रेते टिकवण्याचे रसायन’ हे शब्द तर केवळ किळस आणण्यासाठी आहेत. मिठानेही मासे टिकतात.

धातू कोठून येतात

ताक पितळेच्या भांड्यात ठेवले की कळकते, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असे आणि म्हणून भांड्यांना कल्हई करीत. आंबट पदार्थ धातूला विरघळवतो, ही साधी रसायनक्रिया. ई-सिगारेटमधला द्रवही दिवसेंदिवस धातूच्या सान्निध्यात राहतो आणि वर तापवलाही जातो. तार बहुधा निकेल-क्रोमियमच्या किंवा लोह-क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. जोड व डाग यांत इतर धातू असू शकतात.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली याची चांगली तपासणी केली. रोज ई-सिगारेट ओढणाऱ्या ५६ जणांची स्वतःची उपकरणे घेऊन त्यांनी तीन ठिकाणचे नमुने तपासले: बाटलीतला मूळ द्रव, उपकरणाच्या टाकीत राहिलेला द्रव आणि बाहेर पडणारे धुके. धुक्यातील शिशाचा मध्यक, म्हणजे निम्मे नमुने ज्याच्या वर व निम्मे ज्याच्या खाली असतात ती संख्या, किलोग्रॅममागे सुमारे १५ मायक्रोग्रॅम निघाला. बाटलीतल्या द्रवाच्या तो पंचवीस पटींहून अधिक होता. शिसे द्रवाबरोबर आलेले नसून उपकरणातून येते, हा या अभ्यासाचा खरा शोध आहे.

वृत्तपत्रांतून मात्र गाजले ते दुसरेच वाक्य: जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या आरोग्यमर्यादेपेक्षा जास्त होते. हे वाक्य खोटे नाही, पण त्याचा अर्थ लावताना थोडे गणित करावे लागते. ते नववीच्या वर्गात करता येईल असे आहे.

समजा, एखादा माणूस दिवसाला ३ ग्रॅम द्रव ओढतो. किलोग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम या हिशेबाने ३ ग्रॅममध्ये ०.०४५ मायक्रोग्रॅम शिसे आले. आता साध्या हवेकडे पाहू. प्रौढ माणूस दिवसाला सुमारे १५ घनमीटर हवा श्वासावाटे घेतो. आपल्या देशातील २००९ च्या मानकांनुसार हवेतील शिशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेवर असलेल्या हवेतून दिवसाला ७.५ मायक्रोग्रॅम शिसे आत जाईल. ई-सिगारेटमधून आलेले शिसे त्याच्या १६५ व्या हिश्श्याच्या आसपास भरते. अमेरिकेची मर्यादा अधिक कडक, ०.१५ आहे. तिच्याशी ताडले तरी ते पन्नासावा हिस्सा होते.

मग ‘मर्यादेपेक्षा जास्त’ कसे निघाले? हवेची मर्यादा चोवीस तास घेतल्या जाणाऱ्या श्वासासाठी असते. झुरक्याचे आकारमान ६० मिलिलिटर धरले आणि दिवसाला २५० झुरके धरले, तर एकूण १५ लिटर होतात. दिवसभराची हवा १५,००० लिटर. हजारात एका भागाची तीव्रता घेऊन ती संपूर्ण हजार भागांच्या मर्यादेशी ताडली, तर तुलना फसते. मिरचीचा ठेचा तिखट आहे म्हणून सगळे जेवण तितकेच तिखट आहे असे कोणी म्हणत नाही.

क्रोमियमबद्दल आणखी एक मुद्दा. अशा चाचण्यांत बहुधा मूलद्रव्याचे एकूण वजन मोजले जाते, त्याचे रासायनिक रूप मोजले जात नाही. षट्संयुजी क्रोमियम श्वासातून गेल्यास कर्करोगकारक आहे, त्रिसंयुजी क्रोमियमबद्दल तसा पुरावा नाही. स्वयंपाकघरातल्या स्टीलमध्येही क्रोमियम आणि निकेल असतात. ‘क्रोमियम सापडले’ हे म्हणूनच अर्धे वाक्य आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग धातूंची भीती व्यर्थच. हा निष्कर्षही तितकाच घाईचा ठरेल. मध्यक सगळ्यांची गोष्ट सांगत नाही. त्याच अभ्यासात काही नमुने मध्यकाच्या कित्येक पटींनी वर होते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही आणि वाढत्या वयाच्या मेंदूवर त्याचा परिणाम विशेष होतो. शिवाय २०२५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी, एकदा वापरून टाकून द्यायच्या तीन ब्रँडांची सात प्रकारची उपकरणे तपासली. त्यांपैकी एका उपकरणातून एका दिवसाच्या वापरात बाहेर पडलेले शिसे जवळजवळ वीस पाकिटे सिगारेटींतून निघणाऱ्या शिशापेक्षा जास्त होते. काही उपकरणांत न तापणारे भागही शिसेमिश्रित काशाचे होते व त्यांतून शिसे आणि निकेल द्रवात उतरत होते. कल्हई नसलेले भांडे, दुसरे काय!

एकीकडे पन्नासावा हिस्सा आणि दुसरीकडे वीस पाकिटे. ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण ‘ई-सिगारेट’ हा एकच पदार्थ नाही. आकडा उपकरणाचा असतो, जातीचा नसतो. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. तेव्हा येथे जे चोरून विकले जाते त्याचा कारखाना, धातू व द्रव कोणीच तपासलेले नसतात. मुलाच्या हाती पडणारे उपकरण या दोन टोकांपैकी कोणत्या टोकाचे आहे हे ना त्याला कळते, ना विकणाऱ्याला. तक्त्यावर हे लिहिले असते तर मागच्या बाकाला उत्तर मिळाले असते.

पॉपकॉर्न फुप्फुस आणि २०१९ ची साथ

२००० साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना फुप्फुसांचा दुर्मीळ विकार झाल्याचे उघडकीस आले. श्वासनलिकांची बारीक टोके व्रणांनी बुजतात आणि ती पुन्हा मोकळी होत नाहीत. दोष लोण्याचा स्वाद देणाऱ्या डायअॅसिटिल या द्रव्याच्या वाफेकडे गेला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ साली ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअॅसिटिल आढळले. येथून ‘ई-सिगारेटमुळे पॉपकॉर्न फुप्फुस होते’ हे वाक्य जन्मले. परंतु सिगारेटच्या धुरात डायअॅसिटिल बहुधा याहून जास्त असते आणि तरी सिगारेटच्या व्यसनातून हा विशिष्ट विकार होतो असे दिसलेले नाही. शक्यतेला निदानाचे रूप देणे बरोबर नव्हे.

विक्रेत्यांच्या बाजूचा दोषही येथेच दाखवतो. ‘आमचे स्वाद खाण्यायोग्य दर्जाचे आहेत’ असे ते सांगतात. डायअॅसिटिल ताकालोण्यातही नैसर्गिकपणे असते आणि आपण ते सुखाने खातो. मिसुरीच्या कामगारांनी मात्र ते खाल्ले नव्हते, श्वासावाटे घेतले होते. पोटाची परीक्षा उत्तीर्ण झालेले द्रव्य फुप्फुसाच्या परीक्षेला बसलेलेच नसते.

२०१९ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेत तीव्र फुप्फुसविकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ जण दगावले. रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रवाच्या तपासणीत ५१ पैकी ४८ जणांत व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडले आणि तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांपैकी एकातही सापडले नाही. गांजातील मादक द्रव्य असलेल्या चोरट्या मालात हे तेल भेसळीसाठी घालत असत. येथे ‘सापडले’ या शब्दाला खरे वजन आहे, कारण आजारी व निरोगी अशी तुलना त्यामागे आहे. पण ही गोष्ट एका भेसळीची आहे. ती सर्व ई-सिगारेटींच्या माथी मारली, तर चोरट्या मालाचा विशेष धोका हा तिच्यातला खरा धडा हरवतो.

अँटिफ्रीझ

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली १८ नळकांड्या तपासल्या आणि एकीत सुमारे एक टक्का डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. ‘अँटिफ्रीझ’ हा शब्द तेथून आला. अठरांतील एक हे तक्त्यावर दिसत नाही. शिवाय प्रॉपिलीन ग्लायकॉलही गोठणरोधक म्हणून वापरतात, त्यामुळे दोन वेगळ्या द्रव्यांची गल्लत होते. एक औषधांत चालते, दुसरे मारक आहे.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, हे मुंबईला चांगले माहीत आहे. १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ होती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औषध म्हणून विकत घेतलेल्या, कागदोपत्री तपासलेल्या ग्लिसरीनची जर ही कथा, तर बिनलेबलाच्या नळकांडीतले ग्लिसरीन कोणत्या दर्जाचे असेल? मुलांना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे आणि ती आपल्याच शहरातली आहे.

दुसऱ्या बाजूचा आकडा

मोजमापाविना आकडा फेकण्याचा दोष एकाच बाजूचा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे असे जाहीर केले. विक्रेते तो आकडा आजही मिरवतात. त्याचा एक मोठा आधार २०१४ चा एक निबंध होता. त्यात बारा तज्ज्ञांनी एकत्र बसून निरनिराळ्या उत्पादनांना हानीचे गुण दिले होते आणि सबळ पुराव्याची उणीव त्यांनी स्वतःच मान्य केली होती. ‘लॅन्सेट’ने त्याच महिन्यात या आधारावर कडक टीका केली. जळणारी तंबाखू सोडून प्रौढ माणूस ई-सिगारेटकडे वळला तर त्याच्या शरीरात जाणारी बरीच विषे घटतात, हे मानण्यास आधार आहे. पण ‘९५’ हा आकडा कोणत्याही उपकरणाने मोजलेला नाही. आणि सिगारेट कधीच न ओढलेल्या मुलाला ही तुलना मुळीच लागू होत नाही. त्याची तुलना स्वच्छ हवेशी व्हायला हवी.

तक्त्यावर काय हवे होते

आमच्या मते तक्त्याची सर्वांत मोठी उणीव त्याच्या यादीत नसलेल्या शब्दात आहे. तो शब्द निकोटीन. त्याच्याबाबत ‘किती’ याचे उत्तर स्पष्ट आहे. युरोपीय देशांत मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. इतरत्र ५ टक्क्यांची द्रावणे सर्रास विकली गेली. एवढे निकोटीन मुक्त स्वरूपात घशाला असह्य होते. आम्ल मिसळून त्याचा क्षार केला की झुरका मऊ लागतो आणि नवख्या मुलालाही खोकला येत नाही. अमेरिकेत २०१८ साली माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २०.८ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढत होते. आदल्या वर्षी हे प्रमाण ११.७ टक्के होते. या मुलांना शिशाने ओढून नेले नव्हते. गोड स्वाद आणि मऊ केलेल्या निकोटीनने नेले. व्यसन ही ई-सिगारेटची क्वचित घडणारी दुर्घटना नाही, ती तिची नेहमीची करामत आहे. तिच्यासाठी कवटीच्या चित्राची गरज नाही.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. अशी एखादी बातमी वा तक्ता वर्गात आणावा आणि मुलांकडून पुढील प्रश्नांची उत्तरे शोधून घ्यावीत.

१. नेमके काय मोजले? मूलद्रव्य की त्याचे एखादे संयुग?
२. किती, आणि कोणत्या एककात?
३. कशाच्या तुलनेत? सिगारेटच्या, साध्या हवेच्या, की कायद्याच्या मर्यादेच्या? ती मर्यादा कशासाठी घातलेली आहे?
४. किती नमुन्यांत, आणि ते कोठून घेतले?
५. यंत्राने जसे ओढले तसे माणूस ओढतो का?
६. हे सांगणाऱ्याला काही विकायचे आहे का?

सहावा प्रश्न आम्हांलाही लावावा. पाचही प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यास ‘माहीत नाही’ असे लिहू द्यावे आणि त्याला गुण द्यावेत.

आमच्या मित्राने तक्ता काढलेला नाही. त्याने त्याच्याशेजारी एक कोरा कागद लावला असून वर ‘किती?’ एवढेच लिहिले आहे. शिशाचे गणित त्या मुलीने स्वतः करून त्यावर चिकटवले. तिने झुरक्याचे आकारमान ६० ऐवजी ८० मिलिलिटर धरले आहे व त्याचे कारणही दिले आहे. मागच्या बाकावरचा मुलगा सध्या ‘वीस पाकिटे’ हा आकडा कसा काढला असेल, याच्या मागे आहे. आपापल्या शाळांत असा प्रयोग कोणी केल्यास मुलांची उत्तरे आम्हांला जरूर कळवावीत, चुकलेली असली तरी.